खोलातल्या तांबोशीचं वय

परभणीला समुद्र नाही हे मला जाण्याआधीही ठाऊक होतं. तरी परत आल्यापासून जो भेटतो तो मला तेच ऐकवतो. "माशांची बाई तुम्ही, परभणीत तुमचं काय ठेवलंय?" माझी विद्यार्थिनी तिथे होती. ती माझ्यावर रागावून गावी निघून गेली होती आणि तिला परत आणायला मी गेले होते.

आधी ते भांडण सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी रत्नागिरीच्या बाजूची. खोल पाण्यातल्या माशांची वयं मोजण्यात माझी तीस वर्षं गेली. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, दोन पांढरे खडे असतात. मासा वाढतो तसे तेही वाढतात आणि वर्षाला एक याप्रमाणे त्यांच्यावर रेघ उमटते. रेघा मोजल्या की वय कळतं. मी ज्या माशावर नाव कमावलं तो आपल्या तांबोशीचाच भाऊबंद, पण खोलातला. बाजारात दिसणारी तांबोशी किनाऱ्याजवळच्या खडकांत राहते. हिचं घर शंभर ते तीनशे मीटरवर, समुद्राचा तळ उतरायला लागतो तिथल्या कड्यांवर. अंग गुलाबी, डोळे सोनेरी आणि चांगले मोठे. चवीला म्हणाल तर मांस पांढरंशुभ्र आणि गोड, पापलेटवाल्यांनी गप्प बसावं असं.

माझी पद्धत सरळ. खडा काचेच्या पट्टीवर चिकटवायचा, बारीक पॉलिश कागदावर घासून साफ करायचा आणि वरून रेघा मोजायच्या. शिवकन्या, म्हणजे ही माझी विद्यार्थिनी, खडा मधोमध मोडायची, आचेवर तपकिरी होईपर्यंत भाजायची आणि मोडलेल्या कडेवर मोजायची. ज्या माशाला मी अकरा वर्षं द्यायचे त्याला ती सत्तावीस म्हणायची. सप्टेंबरात विभागाच्या बैठकीत, भरल्या सभागृहात, मी तिला म्हणाले, "भाजून तडे पाडायचे आणि त्यांना वर्षं म्हणायचं, हे संशोधन नाही, हा स्वयंपाक झाला." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ती खड्यांची पेटी घेऊन गावी गेली ती आलीच नाही. जानेवारीअखेर प्रबंध जमा झाला नसता तर तिची चार वर्षं फुकट जाणार होती. फोन उचलत नव्हती. म्हणून जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात मी निघाले. माझे आकडे घाल, मी सही करते, एवढंच तिला सांगायचं होतं. आपण केवढ्या मोठ्या मनाच्या, असंही मला वाटत होतं, तेही कबूल करून टाकते.

झरी

परभणीहून जिंतूरची एसटी धरली आणि झरीला उतरले. कोकणातल्या माणसाची नजर चार पावलांवर कशाला तरी अडते, डोंगराला, माडाला, नाहीतर शेजाऱ्याच्या दगडी गडग्याला. इथे ती अडायलाच तयार नव्हती. निसवलेली ज्वारी, तिच्यापलीकडे हरभरा, त्याच्यापलीकडे शेवटची बोंडं लटकणारा कापूस, आणि मग थेट आभाळ. मला ते फार आवडलं.

थांब्यावर पांढऱ्या टोपीतले एक उंच गृहस्थ मोटरसायकल लावून उभे होते. शिवकन्येचे वडील, दत्तराव.

"तुमीच न्हव का माशाच्या मॅडम?"

"हो."

"बसा. पाय जपून, सायलेन्सर तापलाय."

माझ्यामुळे त्यांची मुलगी चार महिने घरात बसली होती. त्याबद्दल अक्षर न काढता त्यांनी माझी पिशवी टाकीवर घेतली आणि गाडी चालू केली.

घर सिमेंटच्या तीन खोल्यांचं, पुढे पत्र्याचा गोठा. शिवकन्या बाहेर आली, वाकून पाया पडली, पाणी आणून दिलं आणि आत गेली. तिची आई गयाबाई मात्र मला सोडायला तयार नव्हत्या. घर माळकरी, अंड्याचं कवचसुद्धा उंबरठा ओलांडत नाही. ह्या घरातल्या पोरीने चार वर्षांत हजारो माशांची डोकी उघडली आणि एक तुकडा तोंडात घातला नाही. मी इतकी वर्षं तिच्यासमोर बसून बांगडा खाल्ला, एकदाही तिला काही विचारलं नाही. माझी पिशवी खाटेवर ठेवली आणि पाच मिनिटांत कुठून तरी एक मांजर येऊन तिच्यावर बसलं.

"ताई, ह्येनं जल्मात मासा बगितला न्हाई," गयाबाई म्हणाल्या, "तरी बगा कसं वळकायलंय."

मांजर तीन दिवस तिथून हललं नाही.

जेवायला धपाटे, दही आणि येसरची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळून ठेवलेलं पीठ, पाण्यात कालवून उकळलं की झाली आमटी. आमच्याकडे ओल्या नारळाशिवाय आमटीला कुणी आमटी म्हणत नाही. मी तीन वाट्या प्यायले आणि नारळाची एकदाही आठवण झाली नाही.

संध्याकाळी अंगणात बसल्यावर दत्तरावांनी विषय काढला.

"मॅडम, हा तुमचा मासा किती खोल ऱ्हातोय?"

"दोनशे मीटरवर धरा. साडेसहाशे-सातशे फूट."

 ते हसले. "म्हंजे आमच्या बोअरएवढं. आमी सातशे फूट खाली गेलो, तर नुसता फुफाटा निघाला. आन् तुमच्याकडं सातशे फुटाला बी पाणीच पाणी!"

मी वर्गात खोली समजावताना इमारतीचे मजले सांगत आले. ज्याने सातशे फुटांपर्यंत एकेक पाइप जाताना डोळ्यांनी बघितलाय त्याला मजल्यांची काय गरज? गयाबाईंनी विचारलं, इतक्या अंधारात त्याला दिसतं कसं. मी सांगितलं की डोळे मोठे असतात ते त्यासाठीच, आणि लाल रंगाचंही एक गुपित आहे. पाणी सगळ्यात आधी लाल उजेड गिळतं, त्यामुळे वर गुलाबी दिसणारा हा मासा खाली काळपट सावलीसारखा असतो, कुणाला दिसत नाही.

"म्हंजे लाल लुगडं नेसून लपलाय म्हणा की," गयाबाई म्हणाल्या.

मग मी रंगात आले. याची पिल्लं आईबापांजवळ वाढत नाहीत, उथळ भागातल्या वाळूवर-चिखलावर वाढतात आणि मोठी झाली की कड्याकडे उतरतात. दिवस कलला की मोठे मासे कडे सोडून थोडे वर येतात आणि पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपतात. गळाला लागून वर ओढला की याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि जठर तोंडातून बाहेर ढकलते. लहान आहे म्हणून परत सोडला तरी बहुतेक वेळा जगत नाही.

"मग ल्हान हाय का थोर, ते धरायच्या आधी कळाया पायजे," दत्तराव म्हणाले.

"त्यासाठीच वय मोजायचं," मी म्हटलं, आणि संधी साधून दाराकडे पाहिलं. शिवकन्या चौकटीला टेकून उभी होती. "शिवकन्या, माझे आकडे घाल. पानं तयार आहेत. मी सही करते."

"न्हाई, मॅडम."

"चार वर्षं जातील."

"खोटं लिव्हायचं होतं तर चार वर्षं लागली नसती. चार दिवसांत झालं असतं."

रत्नागिरीत ही मुलगी माझ्याशी छापील बोलायची आणि मान खाली घालायची. इथे ती माझ्याकडे सरळ बघत होती. मला राग आला, आणि त्या रागातही ती मला आवडली.

शेत

दुसऱ्या दिवशी हुरड्याचं बोलावणं होतं. कोवळी कणसं शेणीच्या आगटीत भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे तोंडात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. गयाबाईंचे तळहात आगीला सरावलेले, माझे नाहीत. पहिल्याच कणसाला मी ओरडले आणि दाणे मातीत गेले. मग त्याच चोळून द्यायला लागल्या आणि मी निर्लज्जपणे खात राहिले.

परत निघताना मी शहाणपणा केला. बांधावरून न जाता गव्हातून आडवी निघाले. गव्हाला कालव्याचं पाणी सोडलेलं. आमची तांबडी माती पाय सोडते. काळ्या मातीने माझा पाय घोट्यापर्यंत घेतला, आणि मी ओढला तेव्हा पाय आला, चप्पल आली नाही. दुसरा पाय टाकला तर दुसरी चप्पलही गेली. दत्तराव कोपरापर्यंत हात घालून दोन्ही घेऊन आले. त्यांनी चपला पाटाच्या पाण्यात धुऊन माझ्यासमोर ठेवल्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आमच्या मातीला मानूस लय आवडतंय," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "मॅडम, पोरगी चार म्हयने झाले हसली न्हाई. तुमी तिला न्या. पन तिच्या मनाविरुद्ध नगा नेऊ. आमी बी न्हाई धाडणार."

 मी चपला घातल्या आणि त्यांच्या मागून बांधाने चालू लागले.

ताडकळस

तिसऱ्या दिवशी ताडकळसचा आठवडी बाजार. दत्तरावांना गाय घ्यायची होती. शेजाऱ्यांचा टेम्पो केला, पुढे आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. शिवकन्या मध्ये, माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत.

बाजारात भाजीची पालं, हळदीच्या राशी, घोंगड्या, मोबाइलची कव्हरं आणि कडेला लिंबाच्या सावलीत काही जनावरं. त्यात एक लालकंधारी गाय. या भागातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही जात, रंग गडद तांबडा, डोळ्यांभोवती काळी कड. मी गाईगुरांतली नाही, तरी बघत उभी राहिले. विकणारा म्हणाला, "तिसऱ्या येताची हाय, मालक. अजून लय येतं देईल." येत म्हणजे वेत, गाईचं विणं.

दत्तरावांनी आधी तोंड उघडून दात पाहिले. मी विचारलं, काय दिसलं?

"दात जुळल्यात. जुळले की पुढचं वय दात सांगत न्हाईत. मग शिंगं बघायची. दर येताला शिंगाच्या बुडाला एक वळं पडतंय."

शिंगं तेल लावून चकचकीत केली होती. बुडाशी तीन वळी स्पष्ट दिसत होती. मी मोजली, खुश झाले. "तीन," मी म्हटलं.

 दत्तरावांनी शिंगाच्या बाहेरच्या अंगावरून अंगठा फिरवला, मग बोटं वळवून आतल्या अंगाला, कानाच्या बाजूला नेली आणि डोळे मिटून घेतले. मग माझा हात धरून तिथेच ठेवला.

"हितं बगा, मॅडम."

माझ्या बोटांखाली एकामागून एक वळी होती. बारीक, एकमेकींना खेटून. बाहेर तीन, आत सात तरी.

"म्हातारपणी वळी जवळ जवळ येत्यात. त्या दाटीवर कानस मारायची, तेल लावायचं. जनावर तरणं दिसतंय. पन बगणारा बाहेरूनच बगतोय म्हणून कानस बी बाहेरूनच मारत्यात. आतल्या अंगाला तशीच ऱ्हात्यात."

विकणारा हसला, दत्तरावही हसले, आणि भांडण न करता पुढे गेले. या बाजारात कुणी कुणाला खोटारडा म्हणत नाही, शिंगाला हात लावून पुढे जातात, आणि ते पुरतं.

मी तिथेच उभी राहिले. तीस वर्षं मी खडा पट्टीवर चिकटवत आले होते तो आतली बाजू खाली करून, कारण बाहेरची बाजू दिसायला स्वच्छ असते. आणि तीही पॉलिश कागदावर घासून. म्हातारा मासा लांबीला वाढायचा थांबतो, त्याचा खडाही लांबीला थांबतो आणि जाडीला वाढतो. जाडीला म्हणजे आत. हे मी स्वतः वर्गात शिकवलेलं आहे, आणि तरी मी वरूनच बघत होते. हातात माझ्याही कानस होती, फरक इतकाच की फसवायचं माझ्या मनात नव्हतं.

गाईच्या पलीकडून शिवकन्या माझ्याकडे बघत होती. तिनेही बोटं शिंगाच्या आतल्या बाजूला लावली होती. 

दत्तरावांना शेवटी दुसरी गाय मिळाली, साधीच, पण शिंगांना कुणी हात न लावलेली. टेम्पोत ती मागे उभी, आणि तिच्या प्रत्येक धक्क्यासरशी आम्ही तिघं पुढे.

पुन्हा झरी

दुपारी घरी पोचल्यावर मी हातपाय धुतले आणि शिवकन्येला म्हटलं, पेटी आण. तिने आणली. मी अकरा वर्षं दिलेला, पण तिने अजून न मोजलेला एक मासा मला हवा होता. त्याचा एक खडा मी घासून मोजलेला, दुसरा पेटीत अखंड होता. "माझ्यासमोर कर," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात चुलीपुढे आम्ही बसलो. तिने पात्याने खड्यावर मधोमध बारीक खूण केली आणि दोन्ही अंगठ्यांनी तो मोडला. एक अर्धा बाजूला ठेवला. दुसरा चिमट्यात धरून निखाऱ्याजवळ नेला, आच लागेल पण काजळी धरणार नाही असा, हळूहळू फिरवत. गयाबाई म्हणाल्या, "शेंगदाणा भाजल्यागत भाजायलीय." खरंच तसंच होतं. पांढरा रंग फिका पिवळा झाला, मग तपकिरी. तिने त्यावर करडईच्या तेलाचा थेंब सोडला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

मी दारात उन्हात जाऊन बसले. बाहेरच्या बाजूला रेघा ठळक होत्या. मोजल्या. अकरा, माझ्याच. मग कड आतल्या अंगाला वळली, आणि तिथून पुढच्या रेघा सुरू झाल्या, बारीक, सारख्या अंतराच्या, एकमेकींना खेटून. आधीच्या अकरा धरून मी तीनदा मोजल्या. सत्तावीस.

तडे असतील, असं अजूनही मनात येत होतं. माणूस सहजासहजी हरत नाही. म्हणून न भाजलेला अर्धा घेतला, त्यावरही तेलाचा थेंब टाकला आणि भिंग लावलं. रेघा फिकट होत्या, पण होत्या. आच न लागलेल्या खड्यात आचेचे तडे कुठून येणार?

"किती?" दत्तरावांनी विचारलं.

"सत्तावीस."

"शिवकन्या सव्वीसची हाय," गयाबाई म्हणाल्या. "म्हंजे मासा थोरला हाय आमच्या पोरीपेक्षा!" आणि त्यांनी तो तपकिरी तुकडा तळहातावर घेऊन असा पाहिला की मला भरून आलं.

सत्तावीस वर्षं तो जीव त्या अंधारात, त्या गार पाण्यात, कड्याला धरून राहिला होता. आणि मी माझ्या तक्त्यांत लिहीत आले होते की हा मासा भरभर वाढतो, बिनधास्त धरा. किती जणांनी ते तक्ते वाचून जाळी आणि गळ टाकले असतील, मला माहीत नाही. मला तिथेच दारात बसून रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"माझं चुकलं," मी शिवकन्येला म्हटलं. "तुझी मोजणी बरोबर आहे. तुझे आकडे घाल. मी सही करते."

तिने चिमटा खाली ठेवला. "मॅडम, हे तुमी आमच्या चुलीपाशी म्हणायलाव. तिथं म्हणाल का?"

तिथं म्हणजे कुठं ते मला विचारावं लागलं नाही. तेच सभागृह, तीच माणसं. माझी तीस वर्षं, माझे निबंध, माझे तक्ते आणि निवृत्तीला उरलेलं एक वर्ष.  दत्तराव जमिनीकडे बघत होते. कुणी मला घाई केली नाही, आणि कुणी माझी सुटकाही केली नाही.

"म्हणेन," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, बाजारात तिच्या वडिलांनी शिंगावरून हात फिरवला तशी. मग तिने वडिलांकडे पाहिलं.

"जा माय," दत्तराव म्हणाले, "बॅग भर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. गयाबाईंनी येसरची पुडी दिली, धपाटे दिले, आणि थांब्यापर्यंत चालत आल्या. एसटी सुटली तेव्हा शिवकन्या चार महिन्यांनी हसली असं मी दत्तरावांना फोन करून सांगितलं. कशावर हसली ते सांगितलं नाही. मी खिडकीला डोकं आपटलं होतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बैठक झाली. सभागृह भरलं होतं, कारण शिवकन्या परत आल्याचं सगळ्यांना कळलं होतं आणि लोकांना गंमत बघायची होती. तिच्या आधी मी उठले. 

"खोलातल्या तांबोशीचं वय मी तीस वर्षं चुकीचं सांगत आले," मी म्हणाले. "मी खडे घासले आणि वर्षं घासून टाकली. सप्टेंबरात मी ह्या मुलीला इथेच हसले होते, तुम्हीही हसला होता. तिचं बरोबर होतं. माझे तक्ते आजपासून वापरू नका."

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, मग खरं वय कसं मोजायचं?

"ते मला येत नाही," मी म्हटलं, शिवकन्येला पुढे बोलावलं, तिच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले आणि वही उघडली.